मागं पडणारं माणूस

आमच्या मजल्यावर कुणी स्वतःची भांडी घासत नसे. समोरासमोर दोन दारं होती, एक आत्याचं आणि एक घाडीकाकूंचं. सकाळी मामा, म्हणजे आत्याचे यजमान, वसईच्या एका कारखान्याच्या गाळ्यात कामावर गेले की काकू आमच्या मोरीत येऊन बसायच्या आणि आत्या जाऊन त्यांच्या ओट्यापाशी उभी राहायची. काकू आमची भांडी घासत, आमचा केर काढत, आमच्या भाकरी थापत. आत्या त्यांचा नारळ खवायची, त्यांचे मासे साफ करायची, त्यांच्या पोरीचे कपडे पिळून दोरीवर टाकायची. नवा माणूस बुचकळ्यात पडायचा. एकदा सिलिंडरवाला आमच्या दारात काकूंना "मालकीणबाई, पाणी द्या" म्हणाला, तर काकू राखेचे हात तसेच धरून म्हणाल्या, "मालकीण थय समोर मासे धुता. मी हयची मोलकरीण. आणि थयची मालकीण. तुका पाणी खयचा होया?" तो पाणी न पिताच गेला.

मी जत तालुक्यातनं नालासोपाऱ्याला आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आठवी झाली होती. नववीच्या पुस्तकांना कव्हरं घालून झाली होती आणि आई अंथरुणाला खिळली. वर्षभर तिचं करण्यात गेलं, आणि ती गेल्यावर आण्णा, माझे वडील, म्हणाले, आता शाळा कुठली, आत्याला हाताखाली माणूस लागतंय, तिकडं जा. आत्यानं मला दारातच जवळ घेतलं, डोक्याला तेल लावलं, पिठलं-भात वाढला. तो भात मला अजून आठवतो. पण मी मूळची भित्री. त्या घरात मला सारखं वाटायचं की आपण जास्त खातोय, जास्त पाणी सांडतोय, कधी तरी हे लोक म्हणतील की पोरगी परत ने. म्हणून दुसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या आधी उठून मी मोरीत बसले आणि रात्रीची भांडी घासायला घेतली. आत्या आली आणि तिनं माझं मनगट धरलं. "ठेव ती. आपली भांडी आपण घासायची न्हाईत हितं." मला वाटलं, माझ्या हातची भांडीसुद्धा हिला नको झालीत. मी तिथंच रडायला लागले. आत्या घाबरली. समोरच्या दारातनं काकू धावत आल्या आणि काय झालं ते कळल्यावर इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. "रडतंस कित्याक गो? घासूचीच हौस आसा तर चल माझ्याकडे, ढीग आसा." मी खरंच गेले. काकूंची भांडी घासताना माझं रडणं थांबलं.

ही रीत कशी पडली ते आत्यानं मला पुढं कधी तरी मेथी निवडता निवडता सांगितलं. तिला मूल होऊन राहिलं नाही. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा दवाखान्यातनं आल्यावर ती भिंतीकडं तोंड करून जी पडली ती उठेचना. सगळ्यांनी सांगून पाहिलं. मन रमव, देवाचं नाव घे, शिवणाचा क्लास लाव. मामांनी रेडिओ आणला. घरात भांड्यांचा ढीग, पिठाला जाळी, आणि आत्याला हात उचलवत नव्हता. समोरच्या घाडीकाकूंशी तोवर फक्त हसण्यापुरती ओळख. त्या एके दिवशी खवणी आणि फोडलेला नारळ घेऊन आत आल्या आणि म्हणाल्या, "माका ह्यो खवून दी. माझो हात दुखता." आमच्याकडं नारळ देवाला फोडायचा, बाकी सगळं शेंगदाण्याच्या कुटावर. आत्यानं जन्मात खवणी धरली नव्हती. पण समोरचं माणूस हातात देतंय म्हटल्यावर ती उठून बसली आणि करवंटीच्या तपकिरी तुकड्यांसकट कसाबसा खवला. तोवर काकूंनी मोरीतला ढीग संपवला होता. दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा नारळ घेऊन हजर. काकूंचे यजमान जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते आणि त्यांच्या स्वतःच्या घरात चूल पेटत नव्हती, त्या आमच्याकडं यायच्या त्या आपल्या स्वयंपाकघरात जाववत नव्हतं म्हणून, हे आत्याला फार उशिरा कळलं.

आत्या म्हणायची, यात नवीन काय हाय, गावाकडं पैरा असतोय की. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. आपल्या रानात माणूस दुपारी बांधावर आडवं होतंय, पण पैऱ्याला गेलं की पाठ टेकत न्हाई, लोकाचं काम हाय. काकू म्हणत, आमच्या कोकणात सावड म्हणतात ती हीच. फक्त इथं रान नव्हतं म्हणून दोघींनी ती मोरीत आणि ओट्यावर आणली होती. त्यामुळं आमच्या घरचं जेवण मोठं मजेचं असे. काकूंना ज्वारीचं पीठ वळायचं नाही, त्यांच्या भाकरी तांदळाच्या भाकरीसारख्या जाड आणि कडेला चिरलेल्या. मामा एक शब्द न बोलता त्या आमटीत कुस्करून खात. आणि समोर आत्यानं केलेल्या माशाच्या कालवणात हमखास शेंगदाण्याचा कूट पडलेला असायचा. काकू ताटाकडं बघून म्हणत, "आज माशाक पण उपास." पण खायच्या. त्या दोन घरांत दिवसभर खवणीचा, पितळेवर राखेचा, लाटण्याचा आवाज चाले, आणि तो नेहमी चुकीच्या दारातनं यायचा. मला त्याची इतकी सवय झाली की त्या आवाजात मी पहिल्यांदा निर्धास्त झोपले.

आज माझा मुलगा मोबाईलवर एक कोट घातलेला माणूस बघत असतो. तो माणूस म्हणतो, पहाटे उठा, आरशासमोर उभे राहा, स्वतःला सांगा की मी हे माझ्यासाठी करतोय. मुलगा उठत नाही, पण व्हिडिओ रोज बघतो. मी कमी शिकलेली बाई, माझं चुकतही असेल. पण स्वतःसाठी म्हणून अंथरुणातनं उठलेलं माणूस मी फारसं बघितलेलं नाही, आणि जी उठायची धडपड करताना बघितली, ती संजू होती.

संजू म्हणजे काकूंची मुलगी. बारावी होऊन बरीच वर्षं झालेली, उंच, रुंद खांद्यांची. तिला बघितलं की कुणीही म्हणे, ही पोलिसात जाणार. तिलाही दुसरं काही व्हायचं नव्हतं. दोन भरत्यांना ती मैदानातच बाद झाली होती, आणि पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं. एक भरती उरली होती. यजमानांच्या मागं काकू आणि संजू नकली दागिन्यांना खडे चिकटवायचं काम घरी आणून करत, मीही पुढं त्यातच बसले. त्यावर आयुष्य निघण्यासारखं नव्हतं आणि ते तिघींनाही दिसत होतं.

पण संजूला सकाळी उठवत नव्हतं. आळशी म्हणावी तर दिवसभर बसून खडे लावायची. स्वतःच्या पळण्याचं नाव निघालं की मात्र तिच्या अंगातलं बळच जायचं. तिनं काय काय केलं नाही. भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्या, "उठ", "आत्ता नाही तर कधीच नाही". गजराचं घड्याळ स्टीलच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलं. ती झोपेतच स्टुलावर चढायची, ते बंद करायची आणि येऊन पुन्हा पांघरूण घ्यायची. चहा सोडला, भात सोडला, मोबाईलमध्ये कुणाकुणाची भाषणं भरून ठेवली. पेपरमधला एका महिला पोलिसाचा फोटो कापून त्याच्या तोंडावर स्वतःचा पासपोर्टचा फोटो चिकटवला आणि कपाटाच्या आतनं लावला. कपाट उघडलं की वर्दीतली संजू बाहेरच्या संजूकडं बघायची. थोड्या दिवसांनी तिनं तो फोटो उलटा करून लावला. "बघते कशी माझ्याकडे, यार," ती म्हणाली, "जशी काय मी तिचं काही खाल्लंय."

एका दुपारी आत्या आणि काकू आमच्या उंबऱ्यावर बसून बोलल्या आणि निकाल लागला. संजूचं पळणं माझ्याकडं. माझे खडे संजूकडं. जसं भांड्यांचं, तसंच. मी पळणार, म्हणजे संजूला माझ्याबरोबर यावंच लागणार, कारण पोरगी बिचारी तिच्या कामासाठी उठते. मी आत्याच्या तोंडाकडं बघत राहिले. "मला पळायचं कशाला?" "तुला न्हाई गं पळायचं. तिचं पळायचं." मी नाही म्हणाले नाही. त्या घरात मी कशालाच नाही म्हणत नसे.

संजूचे जुने बूट, पुढं चिंध्या कोंबलेले, घालून मी निघाले. इमारतीच्या मागून पाण्याच्या टँकरची रांग ओलांडली की गास गावाचा रस्ता लागायचा. तिथनं पुढं एकदम शेतं. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, कडेला बगळे, आणि उजाडताना चर्चची घंटा. भाजीच्या पाट्या घेऊन बायका रिक्षाची वाट बघत उभ्या असायच्या. एका घराच्या फाटकात एक म्हातारी रोज दात घासत बसलेली असे. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "पोरींनो, कुनी मागं लागलंय का तुमच्या?" संजू म्हणाली, "नाही आजी, आम्हीच पोलिसांच्या मागे लागलोय." म्हातारी तोंडातला फेस थुंकून म्हणाली, "मंग पानी पिऊन जा. ते काय लवकर सापडत नाय."

सुरुवातीला जमलंच नाही. मी रानात वाढलेली, शाळेला चालत गेलेली, पाय हलके. मी पुढं निघून जायची आणि मागं वळून बघितलं की संजू पुलाच्या कठड्यावर बसून मोबाईल बघत असायची. "तू जा, मी येते." ती यायची नाही. मी पुढं दिसले की तिचा उरलासुरला धीर जायचा. मी घाबरून आत्याला सांगितलं, माझ्याकडनं होत नाही. आत्या पीठ चाळत होती, घाडीकाकूंचं. ती चाळण थांबवून म्हणाली, "तिला म्होरं पळणारं माणूस नगं. मागं पडणारं पाहिजे. उद्या तू दम."

दुसऱ्या दिवशी विजेच्या खांबापाशी मी पोट धरलं आणि थांबले. संजू कठड्याकडं निघाली होती, ती वळली. "काय झालं?" "चमक आली." ती परत आली, माझा दंड धरला आणि तिचा आवाज बदलला. मी तो आवाज तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "चल. माझ्याकडे बघ. नाकाने श्वास घे. फक्त त्या पुढच्या खांबापर्यंत. खांबानंतर बघू." खांबानंतर तिनं पुढचा खांब दाखवला. मी मेल्यासारखी पाय ओढत होते आणि ती माझ्याबरोबर, माझ्या पुढं, पुन्हा वळून माझ्याबरोबर, अशी शेवटपर्यंत धावली. घरी येऊन तिनं काकूंना सांगितलं, "शालनला स्टॅमिनाच नाही गं." आणि जेवून माझे खडे लावायला बसली.

मग रोज मी मागं पडत गेले. आठवड्याभरातच तिला कळलं. "तुझ्या पोटाला रोज त्याच खांबापाशी चमक येते. टाइमटेबल आहे का?" मी लाजून हसले. तीही हसली. तरी दुसऱ्या दिवशी मी पोट धरलं तेव्हा ती पुन्हा वळली आणि पुन्हा तोच आवाज लावला. दोघींना सगळं ठाऊक होतं आणि तरी ते चालत होतं, हे मला आजही नीट समजत नाही. भिंतीवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या, तिनं त्या पुन्हा चिकटवल्या नाहीत. गजर माळ्यावरनं खाली आला. मीच उशिरा उठले तर ती आमचं दार वाजवायची, "ए, चल, तुझं पळायचंय." ते तिचं पळणं होतं हे ती विसरूनच गेली होती.

वसईत एका मैदानावर एक निवृत्त फौजी पोरींची तयारी करून घेत. संजू रविवारी तिकडं जायची, मी बॅग धरायला. एकदा त्यांनी तिला माझ्याबरोबर पळताना बघितलं आणि तिला सोडून मला बोलावलं. "तू मागे का राहतेस? तुझे पाय तसे नाहीत." मी बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "बारावी कुठून केलीस?" मी म्हणाले, आठवी. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि "बरं" म्हणून दुसऱ्या पोरीकडं वळले. चांगला माणूस होता, त्यांना वाईट वाटलं होतं ते मला दिसलं. घरी येताना रिक्षात संजू म्हणाली, "मी लागले ना, की पहिलं तुला नववीला बसवणार." मी बाहेर बघत राहिले. कुणी माझ्यासाठी काही कबूल केलं की ते फेडायचं कसं हेच मला आधी सुचतं, तसं तेव्हाही सुचलं. पण खरं सांगायचं तर ते महिने माझ्या त्या वयातले सगळ्यात बरे महिने होते. संजूची वेळ सुधारत होती. फौजी म्हणाले होते, अशीच पळालीस तर कुणी थांबवत नाही. काकू पहिल्यांदाच देवासमोर काही न मागता बसल्या, मागायचं काही उरलंच नाही अशा थाटात.

भरतीच्या दिवशी काकू आणि मी संजूबरोबर गेलो. आत्या दोन्ही घरं सांभाळायला मागं राहिली. तिनं संजूसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. आम्हाला आत सोडलं नाही. मैदानाला तारेचं कुंपण होतं, बाहेर आई-बाप, भाऊ, पिशव्या, बिसलेरीच्या बाटल्या अशी जत्रा. कुंपणाच्या एका कोपऱ्यातनं पळण्याच्या पट्ट्याचं वळण दिसत होतं. काकूंनी कोपराकोपरानं तिथं जागा केली. गोळा आणि उडी बरी गेली असावी, कारण संजूनं लांबून हात वर केला होता.

मग पळायची बॅच सुटली. छातीवर नंबर लावलेल्या मुलींचा एक घोळका वळणावरनं गेला आणि त्यात संजू पुढच्या चौघींत होती. काकूंनी माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. पुढच्या फेरीला ती अजून पुढं होती, श्वास नीट, खांदे सैल. आमच्या गासच्या रस्त्यावर पळायची तशीच. काकू पुटपुटत होत्या, "पळ गो बाय, पळ." शेवटच्या फेरीत वळणावर आल्यावर तिच्या शेजारची, पिवळ्या बनियनमधली एक बारीक मुलगी कमरेत वाकली. तिनं पोट धरलं. आणि मागं पडली.

मी तारेला धरलं. माझ्या अंगाला आधीच कळलं होतं.

संजू वळली. पुढं जाता जाता ती उलट वळली, दोन पावलं मागं आली आणि त्या मुलीच्या दंडाशी हात नेऊन तिच्या बरोबरीनं पळायला लागली. तिचे ओठ हलत होते. मागच्या मुली दोघींना ओलांडून गेल्या. काकू ओरडल्या, "ती काय बोलता गो? कोणाशी बोलता ती?" मला इथनं प्रत्येक शब्द ऐकू येत होता. माझ्याकडे बघ. नाकाने श्वास घे. फक्त त्या खांबापर्यंत. ती बारीक मुलगी सरळ झाली, तिनं मान वर केली, तिचे पाय मोकळे झाले. आणि मग ती संजूच्या हातातनं सुटल्यासारखी पुढं गेली. संजूही तिच्या मागं धावली. पण तिनं आपला सगळा दम तिकडं दिला होता.

बाहेर आल्यावर ती पाणी प्याली, तोंड धुतलं. मार्क तिथंच सांगितले होते. थोडक्यात हुकलं होतं, पण हुकलं होतं. काकूंनी विचारलं, "ती तुझी कोण लागता?" संजू म्हणाली, "कोणी नाही." "मगे?" "दमली होती ती, आई." काकूंनी डोक्याला हात लावला आणि खाली मातीत बसल्या. तेवढ्यात ती पिवळ्या बनियनमधली मुलगी वडिलांबरोबर तिकडनं चालली होती. संजूला बघून धावत आली, तिचे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्ही नसता ना, मी बसलेच असते. तुमचं झालं ना?" संजू म्हणाली, "झालं." मुलगी हसत गेली. आम्ही दशम्या बसमध्ये खाल्ल्या, कारण आत्यानं पहाटे उठून केल्या होत्या. खिडकीकडं बघत संजू मला म्हणाली, "मला कळलंच नाही गं. ती मागे पडली आणि पायच वळले. भरतीला आलोय असं मनातच नव्हतं माझ्या."

आत्या दोन्ही दारं उघडी टाकून जिन्यात उभी होती. आमची तोंडं बघून तिला समजलं. तिनं काही विचारायच्या आधीच काकू म्हणाल्या, "मागे पडणारा माणूस होया म्हणालंस ना तू तिका? गावला. भर मैदानात गावला." आणि आत गेल्या. आत्या जिन्याच्या पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी बसले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण तिचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या मोरीतनं भांड्यांचा आवाज आला. काकू स्वतःची भांडी घासत होत्या. आत्या ओट्यापाशी तो आवाज ऐकत उभी राहिली, मग आपल्या मोरीकडं गेली, बसली आणि हातात तांब्या धरून तशीच राहिली. भांडण असं झालंच नाही. सणाला पुरणपोळी इकडून तिकडं गेली, सोलकढी तिकडून इकडं आली. पण खवणी त्यांच्या घरी राहिली आणि भाकरी थापायची काथवट आमच्या घरी. महिन्याभरात आत्या पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडायला लागली. मग तिची भांडी मी घासू लागले. मला जड गेलं नाही. त्या घरातलं माझं असं काहीच नव्हतं, म्हणून मला सगळं करता यायचं. आत्याच्या शेवटापर्यंत मी ते केलं. तिनं मला जे दिलं त्याच्यापुढं ते काही नव्हे.

काकू पुढं गावी गेल्या. संजू एका गाळ्यात पॅकिंगला लागली, तिथंच कुणी ओळखीतनं स्थळ आणलं, आता विरारला असते. दिवाळीत भेटते, जाड झालीय, गुडघे दुखतात म्हणते. माझी नववी झाली नाही. मी याच भागात एका खानावळीत पोळ्या लाटते, रोज ढिगानं, सगळ्या लोकांच्या. आमच्या जुन्या दारांत आता दुसरे लोक राहतात, ते एकमेकांना नावानंही ओळखत नाहीत.

पण निवड झालेल्यांची यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. यादीत संजू नव्हती. नसणार हे माहीत होतं, तरी बघितली होती. मी सवयीनं जागी झाले आणि सवयीनंच बूट घेऊन जिन्यात बसले. ती येईल असं मला वाटत नव्हतं. नाडी बांधत होते तोवर समोरचं दार उघडलं. संजू बाहेर आली, बूट घातलेली. दोघी जिना उतरलो. टँकर ओलांडून गासच्या रस्त्याला लागलो. भात कापून झाला होता, खाचरांत नुसते खुंट उभे होते. आम्ही शेजारी शेजारी पळत होतो आणि कशासाठी पळतोय ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

म्हातारीच्या फाटकाच्या पुढं गेल्यावर माझ्या बरगडीखाली चमक आली. त्या दिवशी मी सोंग करत नव्हते, आदल्या दिवसापासनं मला जेवण गेलं नव्हतं. मी पोट धरलं आणि थांबले. संजूला माझे पाय थांबल्याचं ऐकू आलं. तिची मान थोडी वळली, अर्धीच. मग तिनं ती सरळ केली. तिची पावलं लांब होत गेली. मी तिला इतक्या जोरात पळताना कधी बघितलं नव्हतं. खांद्यात ताण नाही, डोकं स्थिर, एकेक खांब मागं टाकत ती गेली आणि लहान होत होत वळणावर दिसेनाशी झाली. वेळ मोजायला तिथं कुणी नव्हतं.